बेटावरची बाटली आणि खुराचं औषध

कनेरगाव नाका, जि. हिंगोली
दि. ४ ऑगस्ट २००५

चि. भारत यास,

नामाजी काकाचे भरभरून आशीर्वाद. आम्ही सगळे इथे जिवंत आहोत. (इथे 'खुशाल' लिहायची रीत आहे, हे मला कुणी शिकवायला नको. पस्तीस वर्षं मी लोकांची खुशालीच दारोदार वाटली. पण या खेपेला जिवंत असणं हीच मोठी बातमी आहे, म्हणून तोच शब्द घातला.) तुझी तब्येत कशी आहे? तिकडे स्कॉटलंडात भर उन्हाळ्यात स्वेटर घालावा लागतो असं तू लिहिलंस, ते वाचून तुझ्या काकूला दोन रात्री झोप नव्हती. वसमतला थोरले दादा आणि वहिनी ठीक आहेत. दादांचा गुडघा तसाच आहे आणि कारखान्यावर जाणंही तसंच आहे.

तुझा फोटो मिळाला. समुद्राच्या काठी पांढरी भिंत, भिंतीवर काळ्या अक्षरात दारूच्या कारखान्याचं नाव, पुढे तू आणि मागे तीन मेंढ्या. वहिनी म्हणाल्या पोरगं वाळलं. मी मेंढ्या बघितल्या. तब्येतीनं चांगल्या आहेत, पण मधली उजव्या मागच्या पायानं लंगडत असणार, तिच्या उभं राहण्यावरूनच कळतं. त्या भिंतीच्या मालकाला सांग की ओल्या जागेत जनावर ठेवलं की खुरं सडणारच. पोस्टाची नोकरी मी पोटासाठी केली, पण जात्याच मेंढरांतला माणूस आहे, समुद्रापलीकडची मेंढी असली म्हणून काय झालं, तिचं दुखणं बघून चुटपुट लागतेच. खुराचा विषय मी उगाच काढलेला नाही. पुढे तोच येणार आहे.

आता तू तिथून धाडलेल्या दारूच्या बाटलीबद्दल. तुझा तो नांदेडचा दोस्त जूनमध्ये स्वतः येऊन देऊन गेला. चांगला मुलगा आहे, चहा घेतला, बाटली टेबलावर ठेवताना देवाची मूर्ती ठेवावी तशी ठेवली. पत्र्याचा गोल डबा, डब्यात बाटली, बाटलीला वर लाख लावल्यासारखं झाकण. तुला माहीत आहे, माझं इंग्रजी पत्त्यापुरतं आहे. मोठी अक्षरं असली की मी वाचतो, बारीक असली की नाही. तेव्हा मी त्या चिठ्ठीवर पत्ता वाचावा तसं वाचलं. कारखान्याचं नाव, बेटाचं नाव, देशाचं नाव, सगळं बराबर, फक्त पिनकोड नाही. खाली बारा वर्षं असा आकडा होता. मला वाटलं ही वस्तू बारा वर्षं कुठल्यातरी पोस्टात अडकून पडली होती, आणि खरं सांगतो, खात्यातला माणूस म्हणून मला शरम वाटली. तुझ्या दोस्तानं समजावलं की बारा वर्षं मुद्दाम लाकडी पिंपात ठेवतात. मुद्दाम उशीर करून त्याची बढाई मारतात, हे कळल्यावर बरं वाटलं.

एक कबुली देतो. ते झाकण मी दुसऱ्याच दिवशी उघडलं. पस्तीस वर्षांत दुसऱ्याचं पाकीट उजेडाकडे धरूनसुद्धा बघितलं नाही, पण ही तर माझ्याच नावावर आलेली होती, आणि वाटेत कुठे गळाली तर नाही हे बघणं माझं काम होतं. (घोट घेतला नाही. नुसता वास घेतला.) त्या वेळी मला सर्दी होती, म्हणून वास काही आला नाही. सर्दी नसती तर पुढचं काहीच घडलं नसतं आणि हे पत्र दोन ओळींचं झालं असतं. पुन्हा बूच लावलं, आणि ठरवलं की ही बाटली मसाजी व्याह्यांसाठी ठेवायची.

मसाजी व्याही, म्हणजे आपल्या शिवकन्याचे सासरे, तुला लग्नात भेटले होते. मिशा, हातात काठी आणि 'आमी मिलिटरीत होतो'. (सोळा वर्षं स्वयंपाकी होते, पण तेवढं सांगत नाहीत.) शिवकन्या पाच महिने आपल्याकडे येऊन बसली होती, हे मी तुला आजवर कळवलं नव्हतं, कारण चांगली बातमी आली की मगच कळवावं असं वाटत होतं. पोरीला लग्नाआधीपासून नर्सिंगच्या कोर्सचा नाद. गावच्या दवाखान्यात वर्षभर नर्सबाईंच्या हाताखाली राहून मलमपट्टी, नाडी बघणं शिकली होती. लग्नानंतरही तिनं अर्ज भरला. मसाजींनी साफ नाही म्हटलं. सून सुया टोचत गावोगाव फिरणार नाही, शिकायचं तर माहेरी जाऊन शीक, असं म्हणाले. हिनं खरंच पिशवी उचलली आणि वारंगा फाट्यावरून एसटीत बसली. जावई प्रभू सोन्यासारखा आहे, महिन्यातून दोनदा येऊन भेटून जातो, पण बापापुढे तोंड उघडत नाही. तिकडे ते ताठ, इकडे ही ताठ. मग जुलैमध्ये हिचं नाव यादीत लागलं. हॉस्टेलच्या फॉर्मवर सासरच्या वडीलधाऱ्याची सही पाहिजे आणि फॉर्म द्यायची शेवटची तारीख मंगळवार, २६ जुलै. सही नाही मिळाली तर कोर्स गेला, आणि सहीशिवाय गेली तर सासर गेलं. तूच सांग, मी बाप म्हणून काय करावं? माणसं इतकी हट्टी कशी असतात, पोरीचं शिकणं यांना का खुपतं, हे मला कधी कळलं नाही. (आपली सीमाही बारावीनंतर परभणीला जनावरांच्या डॉक्टरकीला जाते म्हणून महिनाभर कानाशी भुणभुण करत आहे. तिला मी नाही सांगितलं आहे. एक जाते तेवढं पुरे. ती गोष्ट वेगळी आहे.)

तर मी मसाजींना निरोप धाडला की २४ तारखेला रविवारी जेवायला या, स्कॉटलंडहून खास बाटली आली आहे. लेकीसाठी आले नसते. बाटलीसाठी आले.

सकाळी मी मेंढ्यांची खुरं धुतली. या पावसाळ्यात चिखल फार आहे आणि सात मेंढ्या लंगडत आहेत. खुराला लावायचं ते काळं औषध तुला आठवत असेल, लहानपणी तू त्या वासानं पळून जायचास. डांबर आणि फिनेल एकत्र उकळावं तसा वास. पाणी घालून पातळ केलं की चहासारखा रंग येतो. ते आपल्याकडे गोठ्यातल्या कोनाड्यात दारूच्या जुन्या बाटलीत असतं. आपल्या घरात दारूच्या बाटलीत दारू सोडून सगळं असतं. रॉकेल एकीत, गोचिडाचं औषध दुसरीत, एरंडेल तिसरीत. तुझ्या काकूला चांगल्या बुचाची बाटली दिसली की ती आतलं ओतून दुसरं भरते. सरपंचांना ही गुलाबाच्या सरबताच्या बाटलीतून रॉकेल पाजता पाजता राहिली, ती गोष्ट तुला ठाऊक आहे. त्यात तुझी बाटली देवघरासमोर नको म्हणून हिनं ती महिनाभर गोठ्यातल्या त्याच कोनाड्यात ठेवली होती. डबा शिवकन्यानं मागून घेतला, तिला पेन ठेवायला हवा होता.

मसाजी अकराच्या एसटीनं नाक्यावर उतरले. रीतीप्रमाणे आधी पावसाचं बोलणं झालं, मग हळदीचं, मग एसटीच्या खड्ड्यांचं. शिवकन्यानं येऊन पाया पडून पाणी दिलं. त्यांनी पाणी घेतलं आणि छताकडे बघितलं. चुलीवर मटण शिजत होतं. जेवण झाल्याशिवाय व्याह्यानं मुद्द्यावर यायचं नसतं आणि यजमानानं काढायचा नसतो, तेव्हा मी बाटली काढली.

त्यांनी ती हातात घेतली, उजेडाकडे धरली, मान हलवली आणि म्हणाले, "असला माल आमी मिलिटरीत लई पायला." दोन काचेचे ग्लास भरले. पाणी घालायचं नसतं असं तेच म्हणाले. मी ग्लास नाकाशी नेला आणि तसाच धरून ठेवला. आधी ओल्या गोवऱ्या पेटवल्यावर येतो तो धूर, धुरामागे रस्त्यावरचं ताजं डांबर, आणि डांबरामागे थेट आपला गोठा. पण सकाळीच मी खुरं धुतली होती ना? मला वाटलं वास माझ्याच हातांना येतोय. मी उठलो, मोरीत जाऊन साबण लावून हात धुतले. परत येऊन वास घेतला, तोच. पुन्हा उठलो, राख लावून धुतले. मसाजी बघत होते. (नंतर जीपमध्ये त्यांनी सांगितलं की त्यांना वाटलं व्याह्याच्या अंगालाच वास आहे, आणि पाहुण्यानं असं बोलू नये म्हणून ते श्वास धरून बसले होते.)

मग त्यांनी मिलिटरीच्या पद्धतीनं एका दमात ग्लास रिकामा केला. डोळ्यात पाणी आलं, मिशा थरथरल्या, मान खाली गेली. बऱ्याच वेळानं म्हणाले, "चांगली हाय." व्याही चांगली म्हणतात म्हटल्यावर मी मागे कसा राहू? मीही घेतली. जिभेवर जळकं लाकूड, घशात मीठ, आणि वर दवाखाना. मीही चांगली म्हणालो. त्यांना वाटलं मला आवडली, म्हणून त्यांनी दुसरा ग्लास पुढे केला. मला वाटलं त्यांना आवडली, म्हणून मी भरला. दोन म्हातारी माणसं एकमेकांची मर्जी राखत काय पीत होती हे देवालाच ठाऊक.

तेवढ्यात सीमा भाजलेल्या शेंगा घेऊन आली. दारातच थांबली, नाकाला ओढणी लावली आणि म्हणाली, "बाबा, मेंढरांच्या खुराचं औषध घरात काहून आणलं?"

भारता, पुढचं मी जन्मात विसरणार नाही. मसाजींनी माझ्याकडे बघितलं, मी बाटलीकडे बघितलं, आणि दोघांनी मिळून तुझ्या काकूकडे बघितलं. मी विचारलं, या बाटलीतलं तू काही ओतलंस का? खरं बोल. हिनं कपाळाला हात लावला आणि जमिनीवर बसली. "बूच चांगलं दिसलं व्हतं मला," एवढं म्हणाली आणि मग गळाच काढला, "वतलं का न्हाई वतलं, मला काई आठवून नाही राहिलं हो!" मी धावत गोठ्यात गेलो. कोनाड्यात रॉकेल होतं, एरंडेल होतं, गोचिडाचं होतं. खुराच्या औषधाची बाटली नव्हती. सकाळी मीच ती तिथे ठेवली होती का बाहेर, हे मलाही आठवेना. माझ्या डोळ्यांपुढे एकच दिसत होतं की मी मुलीच्या सासऱ्याला विष पाजलं, आणि आता सासर तर गेलंच, वर पोलीस येणार.

मी म्हटलं मिठाचं पाणी पाजा, उलटी काढा. तुझी काकू मिठाचा डबा घेऊन धावली सुद्धा. पण शिवकन्या मध्ये उभी राहिली. असल्या औषधावर उलटी काढायची नसते, येताना घसा दुसऱ्यांदा भाजतो, म्हणाली. तिनं दोघांनाही काही पाजू दिलं नाही, साधं पाणी तेवढं दिलं. सासऱ्यांना आडवं केलं, मनगट धरलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभी राहिली. मी म्हटलं भारतला फोन लावा, त्याला विचारा याची चव कशी असते. तर तुझा नंबर लिहिलेली सीमाची वही सापडेना. (वही का सापडली नाही हे पुढे येईल.) शेवटी नाक्यावरून रतनसिंगची जीप बोलावली.

जीपमध्ये पुढे रतनसिंग आणि मी. मागे मसाजी आडवे, त्यांचं डोकं शिवकन्याच्या मांडीवर. बाटली माझ्या हातात, डॉक्टरला दाखवायला. तुझी काकू दारात उभी राहून एवढी रडली की शेजारच्या शकुंतलाबाई तेरवीचीच विचारपूस करायला आल्या असतील. माझ्याही पोटात आग होती, पण मला स्वतःचं काही वाटत नव्हतं. साठी झाली, मेंढरं सीमा बघते, पेन्शन हिला मिळेल. वाटत होतं ते एवढंच की मी मेलो तर मेलो, पण यांना काही झालं तर पोरीला या जन्मी कुणी दारात उभं करणार नाही.

दोन मैल गेल्यावर मसाजी बोलायला लागले. आधी मला म्हणाले, "व्याही, तुमची चूक न्हाई. म्याच चांगली हाय म्हनलो." मला रडू आलं. अशा वेळी माणसाला मनातलं सांगून टाकावं वाटतं, म्हणून मीही सांगून टाकलं की लग्नात दिलेली काळी मेंढी चार वर्षांची नव्हती, सात वर्षांची होती. ते म्हणाले त्यांना तेव्हाच दात बघून कळलं होतं. मग त्यांनी शिवकन्याचा हात धरला. ते जे बोलले ते मी शब्दाला शब्द लिहितो, कारण रतनसिंगनं सुद्धा गाडी हळू केली होती.

म्हणाले, "पोरी, मला तुझ्या सुईचं काई न्हाई. तू नर्स झालीस का तुला सरकार कुठं तरी खोली देईन. प्रभू तुझ्यामागं जाईन. मंग त्या घरात मी अन् माजी काठी. तुजी सासू गेल्यापासून घर तूच केलं, अन् मला भेव वाटलं. आता मी तसाबी चाललो. आन तो कागद."

शिवकन्यानं पिशवीतून फॉर्म काढला. हिंगोलीच्या अलीकडचं रेल्वे फाटक लागलं होतं, मालगाडी येत होती, जीप उभी होती. डबे एकेक करून जात होते आणि मसाजी माझ्या पाठीचं टेबल करून सही करत होते. साक्षीदार म्हणून रतनसिंगनं सही केली. पाठीवर पेनाचं टोक टोचत होतं. मागे वळून बघितलं तर शिवकन्या रडत होती. घरातून निघाल्यापासून पहिल्यांदा. म्हणाली, "मामंजी, मी तुमाला सोडून कुठं जाणार हाय?" फाटक उघडलं.

दवाखान्यात डॉक्टर धम्मदीप ड्युटीवर होते. तरणा पोरगा, पण हात शांत. मसाजींचं तोंड उघडून बॅटरीनं बघितलं, घसा बघितला, मग माझा. म्हणाले, भाजलेलं तर काही दिसत नाही. बाटलीचा वास घेतला आणि डोकं मागे केलं. बोटावर थेंब घेतला, पुन्हा वास घेतला. मग नर्सबाईंना सांगितलं की खबरदारी म्हणून पोट धुऊन घेऊ, नळी आणा. नळी आली. भारता, ती बैलाला सुद्धा जास्त झाली असती. मिलिटरीतला माणूस, पण ती बघून त्यांनी माझा हात असा आवळला की अजून बोटं आखडलेली आहेत.

तेव्हा शिवकन्या पुढे झाली आणि पिशवीतून एक घडी केलेला कागद काढून डॉक्टरांना दिला. बाटलीच्या डब्यात हा होता, जरा बघा म्हणाली. डॉक्टरांनी तो उघडला, वाचला, पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग आमच्यासाठी मोठ्यानं मराठी करून सांगितला. या दारूला जळणाऱ्या मातीच्या ढेकळांच्या धुरावर वाळवलेल्या सातूचा वास आहे. चव डांबराची, समुद्राच्या शेवाळाची, मिठाची आणि आयोडीनची आहे. काही लोकांना दवाखान्याची आठवण येते. ही आमच्या बेटाची शान आहे.

डॉक्टर म्हणाले, "बाबा, तुमाला काई झालं नाही. तुमी घेतलं ते असंच असतं."

माझा जीव भांड्यात पडला म्हणावं तर भांडं लहान पडेल. मी तिथंच बाकावर बसलो आणि हसायला लागलो, आणि हसता हसता रडलो. मसाजी उठून बसले, मिशा सारख्या केल्या आणि नर्सबाईंना म्हणाले, ती नळी आता न्या. एवढं हलकं मला शिवकन्या जन्मली त्या दिवशीसुद्धा वाटलं नव्हतं. एक विचार मात्र मनात आला तो तुला लिहितो. जगात असेही लोक आहेत की जे आपल्या मालाला डांबर आणि दवाखान्याचा वास आहे हे लपवत नाहीत, कागदावर छापून डब्यात घालतात. आणि मी रोज सकाळी तोच वास फुकट घेतो.

मसाजींना शब्द फिरवता आला नाही. सही होती, साक्षीदार रतनसिंग होता, आणि नाक्यावर तो गप्प बसणारा नाही. पण खरं सांगतो, त्यांना फिरवायचाही नव्हता. परत येऊन मटण जेवले, शिवकन्याच्या हातची भाकरी तीन वेळा मागून घेतली. सोमवारी तिला घेऊन स्वतः हिंगोलीला फॉर्म द्यायला गेले, मंगळवारची वाट बघितली नाही. ती सध्या हॉस्टेलला आहे, सुट्टीला सासरी जाणार आहे. प्रभूनं बापासमोर पहिल्यांदा तोंड उघडलं आणि सांगितलं की खोली कुठेही मिळो, तिघं जाऊ. मसाजी आता वारंगा फाट्यावर सांगत फिरतात की पहिल्याच घोटाला त्यांनी माल ओळखला होता, घाबरले ते नामाजी.

तुला एकच सांगणं. अशी वस्तू पुन्हा पाठवू नको. मी सोडली. श्रावण परवा लागतोय, त्याच्या आतच सोडली. तू शिकलास, मोठा झालास, आम्हाला विसरला नाहीस, एवढ्यानेच पोट भरतं. काकूचा आशीर्वाद. अंगावर स्वेटर असू दे.

तुझा,
नामाजी काका

ता. क. पत्र संपवून मी जेवायला बसलो तेव्हा तुझ्या काकूनं भाकरी थापता थापता एक गोष्ट सांगितली, ती लिहिल्याशिवाय राहवत नाही. तो कागद शिवकन्यानं डबा मागून घेतला त्याच दिवशी वाचला होता. शनिवारी संध्याकाळी चुलीपुढे बसून तिनं हिला आणि सीमाला मोठ्यानं वाचून दाखवला, आणि तिघी पोट धरून हसल्या. पुढचं सगळं तुझ्या काकूच्या डोक्यातून निघालं. खुराच्या औषधाची बाटली सीमानं कडब्यात लपवली, वहीसुद्धा तिनंच. शेंगा घेऊन यायची वेळ ठरलेली होती. शिवकन्यानं एकच अट घातली होती की कुणाच्या पोटात काही वाईट जाऊ द्यायचं नाही आणि दवाखान्यात काही टोचायच्या आत कागद काढायचा. तिला फक्त सही पाहिजे होती. मामंजी तिला एवढं जीव लावून आहेत हे तिलाही जीपमध्येच कळलं, आणि तेव्हाचं रडणं खरं होतं, असं ही सांगते. मी हिला म्हटलं, आणि तू एवढी छाती पिटलीस ते? तर म्हणाली, "म्या खोटं बोलले का? आठवून नाही राहिलं म्हनलं, तर खरंच नव्हतं आठवत." बत्तीस वर्षं या बाईबरोबर राहतोय. मसाजींना हे कळवणार नाही. तूही कळवू नको.

ता. क. २. बाटलीत अजून चार बोटं उरली होती. एकदा वाटलं फेकावी, मग वाटलं पैसे घालून आणलेली वस्तू आहे, म्हणून काल थोडी पाणी घालून पुन्हा चाखली. आता भीती नव्हती, तर ती चांगली लागली. अगदी आपल्या गोठ्यात बसल्यासारखं वाटलं. मसाजींनीही निरोप धाडला आहे की त्यांच्या भाचीच्या लग्नाला तीच असावी. तेव्हा वर जे 'पाठवू नको' लिहिलं आहे ते काकूनं वाचलं तर असावं म्हणून लिहिलं आहे. दिवाळीला येताना एक आण. माझ्या डोळ्यांना रात्री दिसत नाही, म्हणून पाकिटाला डिंक लावून पेटीत टाकायला सीमाकडे देतो.

भारतदादा, मी सीमा. पाकीट अजून चिकटवलं नाही. परभणीच्या डॉक्टरकीचा फॉर्म सप्टेंबरमध्ये निघतो आणि त्यावर बाबांची सही लागते. दिवाळीची वाट बघू नको, बाटली लवकर धाड, त्यातला कागद मात्र वेगळ्या पाकिटातून माझ्या नावावर पाठव. आणि दादा, हा वास बाबांच्या ओळखीचा झाला आहे. या वेळी दुसऱ्या वासाची बघ.